पॉवर बंद करायची जागा

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण. स्मरणिकेसाठी थोडे सावरले आहे. बोली तशीच ठेवली आहे.)



जेवणानंतरचा पहिला तास माझ्या वाट्याला आलाय. शाळेत हा तास भूगोलाचा असायचा. बाई, तुम्ही समोरच बसला आहात म्हणून खरं सांगतो, मोसमी वारे मला आजही अर्धेच येतात, कारण उरलेले अर्धे मी डुलकीत घालवले. तेव्हा आज कोणी पेंगलं तर मी खडू मारणार नाही.

विषय मी निवडलेला नाही. आपल्या ग्रुपवर दोन महिन्यांपूर्वी एकाने लिहिलं, 'विजेची गाडी घेतली. कागदावर तीनशे किलोमीटर लिहिलंय, मिळतात दोनशे. खोट गाडीत आहे की माझ्यात?' त्यावर पन्नास-साठ उत्तरं आली. त्यातली निम्मी सुप्रभातची फुलं होती, उरलेल्यांत भांडण. कुणी म्हणालं गाडी विक, कुणी म्हणालं एसी बंद ठेव, कुणी म्हणालं या वयात गावी जायला एसटी काय वाईट आहे? मी लिहिलं की ही गोष्ट पायात आहे. मग मेळाव्याच्या कमिटीने मला पकडलं आणि म्हणाले, 'पायात काय आहे ते मंचावर येऊन सांग.'

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, मी मध्य रेल्वेवर मोटरमन होतो. निवृत्त होऊन काही वर्षं झाली. म्हणजे घरात विजेची मोटार चार वर्षांपूर्वी आली असली, तरी विजेची गाडी मी आयुष्यभर चालवत आलो. आणि तसं बघितलं तर आपण सगळेच तिच्यातून फिरत आलो. या देशातली पहिली विजेची रेल्वेगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटीहून कुर्ल्याला धावली. त्याच्याही आधी, १९०७ पासून, मुंबईत विजेची ट्राम होती आणि ती १९६४ पर्यंत चालली. त्यामुळे 'विजेची गाडी हे नवीन खूळ आहे' असं नाहूरच्या माणसाने तरी म्हणू नये. रुळांच्या आवाजात आपली प्रार्थना व्हायची.

आपल्या वेळी इथे स्टेशन नव्हतं. भांडुपला उतरायचं नाहीतर मुलुंडला, आणि तिथून तंगडतोड. गाडी शाळेच्या बाजूने सुसाट निघून जायची. नंतर मीच ती चालवायला लागलो तेव्हा या टापूत यायचो आणि मान थोडी वळायची. २००६ मध्ये नाहूर स्टेशन झालं. गावाला आनंद झाला, मलाही झाला. पण मोटरमन म्हणून मनात एक हिशेब आला, तो आजच्या विषयाचा गाभा आहे, म्हणून सांगतो.

एक स्टेशन वाढलं म्हणजे काय वाढलं? अंतर तेवढंच राहिलं. वाढलं ते एकदा थांबणं आणि एकदा पुन्हा वेग घेणं. हजारो माणसांनी भरलेली बारा डब्यांची गाडी शून्यातून वेगात आणायला वीज लागते. ती वीज वेगाच्या रूपात गाडीत साठते, आणि ब्रेक लावला की जुन्या गाड्यांत ती सगळी चाकांच्या घर्षणात, उष्णतेत जायची. म्हणून मोटरमनला पहिली गोष्ट कळावी लागते ती ही की पॉवर बंद कुठे करायची. स्टेशन येण्याच्या बरंच आधी पॉवर काढून घ्यायची आणि गाडी तिच्या वेगावर वाहू द्यायची. याला आम्ही कोस्टिंग म्हणतो. नवीन माणूस फलाट दिसेपर्यंत पॉवर ठेवतो आणि मग जोरात ब्रेक लावतो. जुना माणूस एखादा खांब, एखादा पूल, एखादी चाळ ओळखून ठेवतो आणि तिथेच हात मोकळा करतो. दोघे एकाच वेळेला पोहोचतात, फार तर काही सेकंदांचा फरक. विजेच्या खर्चात मात्र बराच फरक पडतो.

आपल्या मोटारीत नेमकं हेच आहे. फक्त हातातलं काम उजव्या पायात आलंय.

आता माझी फजिती सांगतो. नाहीतर वाटेल की मी जन्मजात शहाणा आहे.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात निरोप आला की आपले विज्ञानाचे सर आजारी आहेत, साताऱ्याला मुलाकडे आहेत, आणि जुने विद्यार्थी भेटले तर त्यांना बरं वाटतं. आपल्यातला एक आणि मी, असे दोघे निघालो. सरांना फोन केला. ते म्हणाले, 'बाराला या, जेवायलाच या.' सकाळी साडेसहाला नाहूरहून शंभर टक्के चार्ज करून निघालो. माझी गाडी लहान बॅटरीची, तीस युनिटांची. त्यातली अठ्ठावीसेक वापरायला मिळतात असं धरा. साताऱ्यापर्यंत अडीचशे किलोमीटर होतात, म्हणजे वाटेत एकदा चार्जिंग करावं लागणारच होतं. हिशेब केला होता: पुण्याच्या तोंडाशी वाकडला थांबायचं, चहा-पोहे होईपर्यंत गाडी भरून घ्यायची, सव्वाबाराच्या आत साताऱ्यात.

ऐरोलीचा पूल ओलांडून द्रुतगती मार्गाला लागलो. रस्ता मोकळा होता, मित्राच्या गप्पा रंगल्या होत्या, आणि माझा पाय शंभरावर स्थिरावला. कायद्याने शंभर चालतं, म्हणून मनात काही आलंही नाही. एसी जोरात. घाट चढलो, पुढे पुन्हा शंभर. वाकडला पोहोचलो तेव्हा काटा बारा टक्क्यांवर. ऐंशीने आलो असतो तर अठ्ठावीसच्या आसपास असता.

तिथे दोन गन होत्या. एक बंद. दुसरीवर एक गाडी लागलेली आणि एक रांगेत. तुम्ही म्हणाल, पुढच्या चार्जरवर जायचं. पुढचा खात्रीचा चार्जर कात्रज ओलांडून, चाळीसेक किलोमीटरवर. बारा टक्क्यांत तिथे जायची माझी हिंमत नव्हती. अठ्ठावीस टक्के असते तर सावकाश गेलो असतो. बारा मिनिटं वाचवली होती मी द्रुतगती मार्गावर, मोजून बारा. आणि त्या बारा मिनिटांच्या बदल्यात माझ्या हातातला पर्याय गेला होता. अडीच तास आम्ही वाकडला एका झाडाखाली बसून काढले.

साताऱ्यात पोहोचलो सव्वादोनला. सर साडेबारापर्यंत न जेवता थांबले होते. मग काकूंनी त्यांना जेवायला लावलं, औषध दिलं, आणि औषधाने त्यांना झोप लागली. काकूंनी आम्हाला गरम करून वाढलं. आमरस होता. तो कसा लागत होता ते मला सांगता येणार नाही. चारला सर उठले. मित्राला दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टात हजर राहायचं होतं, म्हणून पाचला निघणं भाग होतं. म्हणजे आम्हाला मिळाला तो एक तास, आणि त्यातलाही अर्धा त्यांना तरतरी येण्यात गेला.

उशीर का झाला ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, आणि वर्गात चूक पकडल्यावर बघायचे तसं बघितलं. म्हणाले, 'मोटरमन ना रे तू? मग पॉवर बंद करायची जागा कशी विसरलास?' नंतर म्हणाले, 'हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. शिकवलं होतं.' शिकवलं होतं, सर. वहीतही होतं.

त्या पावसाळ्यात सर गेले.

तर तो हिशेब. त्यांच्या पद्धतीनेच मांडतो, फळा नाही तरी.

गाडी सरळ रस्त्यावर चालली आहे. तिला मागे ओढणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन. एक म्हणजे टायर रस्त्यावर दबून गोल फिरताना जाणारी शक्ती. ती वेगाने फारशी बदलत नाही. दुसरी हवा. वेग ऐंशीवरून शंभरावर नेला म्हणजे सव्वापट, पण हवेचा रोध सव्वाचा वर्ग, म्हणजे दीडपटीहून थोडा जास्त. माझ्या गाडीचं, दोन माणसं, सपाट रस्ता, एसी मध्यम, असं गणित केलं आणि नंतर चार वर्षं वहीत आकडे लिहून पडताळून पाहिलं. साठच्या वेगाला शंभर किलोमीटरला साधारण अकरा युनिटं लागतात, ऐंशीला चौदा, शंभराला अठरा. म्हणजे त्याच बॅटरीत साठने अडीचशे किलोमीटर जाता येतं, ऐंशीने दोनशे, शंभराने दीडशेहून थोडं जास्त. तुमची गाडी मोठी असेल तर आकडे वेगळे येतील, उतार असाच असेल.

पेट्रोलच्या गाडीतही हे होतंच. पण तिथे इंजिनच इतकी शक्ती उष्णतेत उडवतं की हवेने खाल्लेली आपल्या लक्षात येत नाही, आणि पंप कोपऱ्याकोपऱ्यावर असतो. विजेच्या मोटारीत उधळपट्टी मुळातच कमी, म्हणून उरलेला प्रत्येक खर्च डोळ्यांत भरतो.

यावर एक जण लगेच विचारेल की मग साठनेच जावं का? नाही. द्रुतगती मार्गावर सपाटीला साठने चालणारी मोटार हा इतरांना अडथळा आहे, आणि मागून येणाऱ्याच्या अंदाजात ती बसत नाही. डावीकडची लेन धरून पंचाहत्तर-ऐंशी. शंभर किलोमीटरला पंधरा मिनिटं जास्त लागतात. त्या पंधरा मिनिटांत चार युनिटं वाचतात, आणि माझ्या गाडीला चार युनिटं घ्यायला जलद चार्जरवरसुद्धा दहा मिनिटं लागतात, रांग धरली नाही तर. आणखी एक, तरुण मंडळी सांगतात की ट्रकच्या मागे चिकटून चाललं की हवा लागत नाही. हवा लागत नाही हे खरंच आहे. पण ट्रकच्या पुढचं काहीच दिसत नाही, आणि त्याने ब्रेक लावला तर आपल्याला जागा नाही. मी बत्तीस वर्षं पुढचा सिग्नल बघून चालवलं. जिथून सिग्नल दिसत नाही तिथे मी गाडी नेत नाही, युनिटं गेली खड्ड्यात.

आता ब्रेकचं. नव्या लोकल तुम्ही पाहिल्या असतील, २००७ पासून आल्या त्या. त्यांच्यात ब्रेक लावला की मोटारच उलट जनित्राचं काम करते आणि वीज तारेत परत जाते. ती दुसऱ्या गाडीला वापरता येते. आपल्या मोटारीत ती बॅटरीत जाते. याला सगळे 'रीजेन' म्हणतात. विक्रेता हे इतकं रंगवून सांगतो की लोकांना वाटतं ब्रेक लावणं म्हणजे कमाई. मग ते मुद्दाम वेग घेतात आणि मुद्दाम थांबतात.

हिशेब बघा. माणसं धरून दीड टनाची मोटार, वेग साठ. तिच्यात वेगाच्या रूपात सुमारे साठ वॅट-अवर साठलेले असतात, म्हणजे जवळजवळ अर्धा किलोमीटर चालेल इतकी वीज. सिग्नलला कचकन ब्रेक दाबला तर त्यातली बरीच ब्रेकच्या तबकड्या तापवते. पाय हळूच काढून रीजेनने थांबलात तर जाता-येता तोटा होऊन साठ-पासष्ट टक्के हाती लागतात. पण सिग्नल लाल आहे हे शंभर मीटर आधी पाहून पाय उचललात, गाडी वाहत वाहत आली, आणि तोवर सिग्नल हिरवा झाला, तर थांबावंच लागलं नाही. खर्च शून्य. रीजेन म्हणजे खिशातून पडलेल्या शंभरातले साठ परत सापडणं. न पडणं केव्हाही बरं.

एलबीएस मार्गावर हा अभ्यास रोज करता येतो. भांडुप ते मुलुंड जाताना पुढच्या एका गाडीकडे बघू नका, तिच्या पुढच्या तीन गाड्यांकडे बघा. बसथांब्यावर बस उभी आहे, रिक्षावाला प्रवासी बघून डावीकडे झुकतोय, पुढे कुणीतरी वळायला थांबलंय. हे दिसलं की पाय वर. सुरुवातीला मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू द्या. पुढच्या सिग्नलला ते आपल्या शेजारीच उभे असतात.

घाटाबद्दल लोकांना फार भीती असते, म्हणून त्यावर थोडं जास्त बोलतो. बोरघाटाची माझी ओळख रेल्वेतली. १८६३ साली जो लोहमार्ग तिथे सुरू झाला तो पंचवीस-एक किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटर चढतो, सदतीसात एक असा चढ. त्यासाठी कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लावतात, हे आपण सगळ्यांनी वडापाव खाता खाता पाहिलंय. मोटारीला तेवढीच उंची चढायची असते. दीड टन वजन साडेपाचशे मीटर उचलायचं, याला आपल्या नववीच्या पुस्तकातल्या सूत्राने सव्वादोन-अडीच युनिटं येतात. तोटा धरून पावणेतीन म्हणा. म्हणजे तीस युनिटांच्या गाडीत नऊ-दहा टक्के. घाटात काटा धडाधड खाली जाताना पाहून माणूस घाबरतो, एसी बंद करतो, बायकोला घाम फुटतो, भांडण होतं. घाबरायचं कारण नाही. घाट संपला की उतरणंही थांबतं. आणि परतीला त्यातलं दीडेक युनिट बॅटरीत परत येतं.

पण एक अट आहे, आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. परत येणारी वीज ठेवायला बॅटरीत जागा पाहिजे. लोणावळ्याला मुक्काम केला, रात्रभर चार्जिंगला लावून सकाळी शंभर टक्के करून घाट उतरायला निघालात, तर रीजेन काम करत नाही, किंवा फारच कमी करतं. पाय उचलला की गाडी जी धरून ठेवल्यासारखी वाटते, ती सवयीची पकड नसते. मग सगळा भार साध्या ब्रेकवर. वीज तर गेलीच, पण उतारावर तापलेले ब्रेक ही काटकसरीची गोष्ट राहत नाही, जिवाची होते. वर मुक्काम असेल तर पंच्याऐंशी-नव्वदला चार्जिंग थांबवा आणि मग उतरा. ज्यांची मुलं गाडी नेतात त्यांनी हे मुलांना आजच सांगा.

एसीबद्दल ग्रुपवर सर्वांत जास्त भांडण झालं, म्हणून निकाल देऊन टाकतो. एसी किलोमीटरवर वीज खात नाही, तासावर खातो. मे महिन्यात तो साधारण एक किलोवॅट घेतो असं धरा. म्हणजे तासाला एक युनिट, गाडी चालो वा उभी राहो. महामार्गावर ऐंशीने चाललात तर तासाला अकरा-बारा युनिटं लागतात, त्यात एसीचं एक. पण संध्याकाळी ऐरोलीच्या नाक्यावर अडकलात, तासात बारा किलोमीटर सरकलात, तर चालायला लागतं एखादं युनिट आणि एसीलाही एक. खर्च दुप्पट! लोक बरोबर उलटं करतात. महामार्गावर एसी बंद करून काचा उघडतात, त्याने हवेचा रोध वाढतो. आणि गर्दीत काचा लावून एसी अठरावर. गर्दीत धूर नको म्हणून काचा लावाव्याच लागतात हे मान्य. तर चोवीस-पंचवीसवर ठेवा. निघण्याआधी गाडी चार्जरला लागलेली असतानाच दहा मिनिटं एसी सुरू करा, म्हणजे तापलेली गाडी थंड करण्याची वीज बॅटरीतून न जाता भिंतीतून जाते. आणि गाडी सावलीत लावा. सोसायटीत सावलीतल्या जागेवरून काय होतं ते मला सांगू नका, मी आमच्या सोसायटीचा माजी सेक्रेटरी आहे.

टायर. ज्या गावच्या रस्त्यावर सीएटचा कारखाना आहे तिथल्या मुलांना टायर मी काय शिकवणार? आपल्यातल्या कित्येकांच्या घरची चूल त्या परिसरातल्या कारखान्यांवर पेटली. तरीही सांगतो, कारण विजेच्या गाडीत एक गंमत होते. पेट्रोलच्या गाडीला पंपावर न्यावंच लागायचं, तिथे हवेची नळी असायची, मुलगा विचारायचा, 'साहेब, हवा?' आता पंपावर जाणंच थांबलं. त्यामुळे हवा भरायचं राहून जातं, महिने महिने. हवा कमी म्हणजे टायर जास्त दबतो आणि प्रत्येक फेऱ्याला जास्त शक्ती खातो. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. सकाळी, गाडी थंड असताना मोजा. चालून तापलेल्या टायरमध्ये आकडा जास्त दिसतो आणि माणूस फसतो. पायाने लाथ मारून हवा कळते असं मानणारे निदान पाच जण मला इथे दिसताहेत. कळत नाही. गेज घ्या.

बाकीचं भराभर. छपरावरचा कॅरियर रिकामा असला तरी वारा खातो, गरज संपली की काढा. डिकीतलं जुनं सामान शहरात थांबत-चालत जाताना नडतं, महामार्गावर तितकं नाही. ओल्या रस्त्यावर टायरला पाणी बाजूला सारावं लागतं, त्यात शक्ती जाते. आणि पावसाळ्यात पुण्याहून इकडे येताना वारा समोरून असतो, म्हणजे बाई, नैऋत्य मोसमी वारे अखेर मला कामाला आले. त्या दिवसांत दहा-पंधरा टक्के जास्तच हाताशी ठेवतो. क्रूझ कंट्रोल सपाटीला छान, चढउतारावर मी बंद ठेवतो. चढावर तो वेग टिकवायला हट्टाने वीज ओततो. माणूस चढावर पाच-सात किलोमीटर वेग सोडून देतो आणि उतारावर परत घेतो.

राहिला तो मूळ प्रश्न, कागदावर तीनशे आणि हातात दोनशे. यात खोट कुणाचीच नाही. कागदावरचा आकडा चाचणीतून येतो. आपल्याकडे पुण्याची एआरएआय संस्था या चाचण्या करते. गाडी रोलरवर ठेवून ठरलेल्या चक्राने पळवतात, वेग नव्वदच्या वर जात नाही, बराच वेळ तर त्याच्या खूप खाली असतो, एसी बंद. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगला. प्रवास आखायला नाही. आणि समोर काचेवर जो 'इतके किलोमीटर उरले' म्हणून आकडा दिसतो, तो तुम्ही आतापर्यंत कसं चालवलंत त्यावरून काढलेला असतो. शहरात सावकाश फिरवून महामार्गाला लागलात तर तो सुरुवातीला खुशाल मोठा दाखवेल आणि पनवेलनंतर शब्द फिरवेल. सहामाहीच्या गुणांवरून वार्षिक परीक्षेचा अंदाज करावा, तसं आहे. मी टक्के बघतो आणि शंभर किलोमीटरला किती युनिटं जाताहेत ते बघतो. आणि वीस टक्क्यांच्या खाली जायच्या आत कुठे थांबायचं, त्याच्या पुढे दुसरा चार्जर कुठे आहे, हे घरीच वहीत लिहून ठेवतो.

परवाच एका मैत्रिणीने फोन केला होता. नवरा गेल्यावर तिने गाडी शिकून घेतली, एकसष्टाव्या वर्षी, आणि मुलाने तिला विजेची घेऊन दिली. तिचं माहेर संगमेश्वरजवळ. ती म्हणाली, 'मला फक्त इतकं सांग, मी एकटी जाऊ शकते का? की मुलाला सुट्टी मिळेपर्यंत थांबायचं?' मी तिच्याबरोबर बसून वाटेतले थांबे काढले. प्रत्येक थांब्यापुढे दुसरा थांबा, पंचवीस टक्के हाताशी. गणपतीला ती गेली, एकटी. कशेडीला उतरून तिने चहाचा फोटो पाठवला. त्या दिवशी सुप्रभातची फुलं मला पहिल्यांदा आवडली.

त्या दिवशी साताऱ्याहून परत येतानाचंही सांगून टाकतो. सर झोपले होते तेवढ्यात गाडी चार्ज करून घेतली होती. पाचला निघालो. मी ऐंशी ओलांडले नाहीत, मित्रही फारसं बोलला नाही. तळेगावच्या अलीकडे पिठलं-भाकरी खाईपर्यंत पंच्याऐंशी टक्के झाले, तिथेच तार काढली. घाट पाय उचलून उतरलो, ब्रेकला जवळजवळ हात नाही, म्हणजे पाय नाही. घरी आलो तेव्हा चौतीस टक्के उरले होते. सकाळी असं आलो असतो तर, हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

वेळ संपल्याची घंटा मला दिसते आहे. माझी गाडी खाली मैदानात, पिंपळाच्या बाजूला उभी आहे. हवा मोजायचा गेज डिकीत आहे. चहा झाला की ज्यांच्या गाड्या आहेत त्यांनी या, एकेकाची हवा बघू. लाथ मारणाऱ्यांनी आधी या.